तासाची शेवटची पाच मिनिटं

खारशेत, ता. मंडणगड
२६ नोव्हेंबर २०२३

प्रिय आत्या,

नमस्कार. दिवाळीत आले तेव्हा तुझ्याशी धड बोलणं झालंच नाही. मी एक विचारायचे, तू भलत्याच प्रश्नाचं उत्तर द्यायचीस, आणि मग दोघी हसून चिवड्याकडे वळायचो. परतताना एसटीत वाटलं, यापेक्षा पत्र बरं. तू मोबाईलला हात लावणार नाहीस, आणि फोनवर तुला ऐकू येणार नाही.

तू विचारलं होतंस, तिकडे करमतं का. सगळ्या आळीला ऐकू जाईल अशा आवाजात विचारलं होतंस, म्हणून मी 'हो' म्हटलं. खरं म्हणजे शाळा सुटली की करमत नाही. खोली पोस्टाच्या मागे आहे. मालकीण चांगली आहे, पण दिवेलागणीलाच दार लावून घेते. संदेशची बोट सध्या ब्राझीलच्या बाजूला आहे. नवरा-बायको म्हणायचं, पण त्याला वेळ असतो तेव्हा मी वर्गात असते, मला वेळ असतो तेव्हा तो ड्युटीवर. गेल्या रविवारी दिवसभरात मी फक्त अंडीवाल्याशी बोलले. तेसुद्धा सुट्ट्या पैशांवरून.

शाळेचं सांगते. मला नववीचं विज्ञान दिलंय. मुलं गरीब आहेत स्वभावाने, आणि इतकी शांत की माझा मलाच आवाज नकोसा होतो. 'कळलं का?' म्हटलं की एका सुरात 'हो मॅडम'. आणि चाचणीचे पेपर बघावेत तर कोरे. म्हणून आता मी तास संपताना पाच मिनिटं राखून ठेवते. प्रत्येकाला कागदाचा एक तुकडा द्यायचा आणि फळ्यावर तीन प्रश्न: आज नवीन काय कळलं? काय कळलं नाही? काय विचारायचं राहून गेलं? नाव घालायचं की नाही ते ज्याचं त्याने ठरवावं. मी त्यांना सांगितलंय की या चिठ्ठ्या माझ्याशिवाय कुणीही वाचणार नाही.

पहिल्या दिवशी मोठ्या उत्साहाने चिठ्ठ्या खोलीवर आणल्या. जवळजवळ सगळ्यांवर एकच: 'सगळं कळलं. काही विचारायचं नाही. धन्यवाद मॅडम.' एकाने लिहिलं होतं, 'मॅडम, तुम्ही पुण्याच्या का? भरभर बोलता.' मी पुण्याची! बाबांनी हे ऐकलं असतं तर जेवले नसते.

हेडसर म्हणतात, 'मॅडम, पाच-पाच मिनिटं अशी घालवलीत तर पोर्शन कोण पुरा करणार?' तू तीस वर्षं शिकवलंस. तूच सांग, सोडून देऊ का?

तुझी
वेदिका


आरे
५ डिसेंबर २०२३

चि. वेदिका,

आशीर्वाद. तुझं पत्र पोस्टमनने हातात दिलं आणि तिथेच उभा राहिला. हल्ली पत्र येतं कुणाला, त्याला कुतूहल. काहीतरी बोललाही. मी मान हलवली. काय बोलला देव जाणे.

सोडू नकोस, पण प्रश्न बदल. 'काय कळलं नाही' असं विचारलंस तर पोर काय वाचेल? 'तू कुठे ढ आहेस ते लिहून दे.' असं कोण लिहून देईल? मी तरी दिलं नसतं. ज्याचं उत्तर फक्त त्या पोराकडेच आहे, पुस्तकात नाही आणि तुझ्याकडेही नाही, असं काही विचार. आज तासाला मन कुठे गेलं होतं, असं विचारून बघ. मन जातंच. मी भूमिती शिकवायचे तेव्हा खिडकीबाहेर आंब्याला मोहोर आला की अर्धा वर्ग मोहोरात असायचा. मला दिसायचं, पण मी कधी विचारलं नाही. पट्टी आपटायची आणि पुढचं प्रमेय घ्यायचं, एवढंच यायचं आम्हाला.

आणखी एक. चिठ्ठी वाचून तू गप्प बसलीस तर चार दिवसांनी मुलंही गप्प बसतील. दोन शब्द का होईना, खाली लिहून परत देत जा.

माझी काळजी करू नकोस. मी मजेत आहे. कानाचं यंत्र शिट्ट्या मारतं म्हणून कपाटात ठेवून दिलंय. रोज संध्याकाळी किनाऱ्यावर फिरून येते, चार माणसं भेटतात, वेळ जातो. तू नीट जेव. अंड्यांवर राहू नकोस.

सावित्रीआत्या


खारशेत
७ जानेवारी २०२४

प्रिय आत्या,

तुझा प्रश्न लागू पडला! काय काय लिहितात म्हणून सांगू. एकाचं मन बैलाच्या सुजलेल्या पायाकडे गेलं होतं. एकीचं मामाच्या लग्नात. एकाने लिहिलं, 'मन कुठेच गेलं नव्हतं, झोप लागली होती.' तू म्हणालीस तसं मी खाली दोन शब्द लिहून परत देते. आता वर्गात शिरले की माना वर होतात. परवा गुरुत्वाकर्षणावर तीन जणांनी हात वर करून प्रश्न विचारले. तीन जणांनी, आत्या!

आणि आता जे सांगणार आहे त्यासाठी खरं तर हे पत्र.

भाविका म्हणून एक मुलगी आहे. खाडीकडेला घर, वडील रूपेश हे हर्णैच्या एका बोटीवर तांडेल, बोट तेच चालवतात. आई दोन वर्षांपूर्वी आजारात गेली. ही सकाळी स्वयंपाक आटपून शाळेत येते, मागच्या बाकावर बसते आणि कधी बोलत नाही. नाताळच्या आधी आम्ही ध्वनीचा धडा सुरू केला. कंपन, लहरी, आवाज कसा जातो आणि कसा विरतो. त्या दिवशी तिने चिठ्ठीत लिहिलं होतं:

'मन घरी गेलं होतं. आईचा आवाज आठवून बघत होते. चेहरा आठवतो, आवाज आठवत नाही. बाबांना विचारलं की ते उठून बाहेर जातात.'

काय लिहू खाली? शेवटी लिहिलं, 'मला सांगितलंस, बरं केलंस.' दुसऱ्या दिवशी तिने ते वाचलं आणि पहिल्यांदाच माझ्याकडे नीट बघितलं. त्यानंतर रोज चार ओळी असायच्या. घरातल्या, आईच्या, कधी नुसत्याच कालवणाच्या.

गेल्या आठवड्यात मंडणगडला शिक्षकांची परिषद होती. नवे उपक्रम सांगायचे होते. मी ती चिठ्ठी पडद्यावर दाखवली. नाव अर्थातच झाकलं होतं. एका बाईंनी डोळे पुसले. मग टाळ्या, कितीतरी वेळ. जेवणाच्या सुट्टीत सगळे माझ्याभोवती जमले. शिक्षणाधिकारी साहेबांनी फोटो मागून घेतला, म्हणाले, 'शिक्षकांच्या ग्रुपवर टाकतो, सगळ्यांना प्रेरणा मिळेल.' आत्या, किती महिन्यांनी माझ्याभोवती माणसं होती! त्या दिवशी खोलीवर आले ती गाणं म्हणत आले.

संदेशलाही मेसेज करून कळवलं. त्याने अंगठा पाठवला.

तुझी
वेदिका


आरे
१५ जानेवारी २०२४

चि. वेदिका,

आशीर्वाद. पत्र दोनदा वाचलं.

नाव झाकलंस. अक्षर झाकलंस का?

खारशेतात आई गेलेल्या आणि बाप बोटीवर असलेल्या नववीतल्या मुली किती? तालुक्यातले मास्तर तेवढे बिनडोक नाहीत.

आणि दाखवायच्या आधी तिला विचारलं होतंस का? एवढंच मला कळव. बाकी काही लिहू नकोस.

सावित्रीआत्या


खारशेत
११ फेब्रुवारी २०२४

प्रिय आत्या,

उत्तराला उशीर झाला. तुझं पत्र पोचलं त्याच्या आदल्या दिवशी सगळं घडून गेलं होतं.

नाही, विचारलं नव्हतं. विचारायचं डोक्यातच आलं नाही. आता वाटतं, आलं होतं, आणि ती नको म्हणेल म्हणून मी ते बाजूला सारलं.

फोटो शिक्षकांच्या ग्रुपवरून कुणीतरी पुढे पाठवला, तिथून गावाच्या ग्रुपवर आला. वर लिहिलं होतं, 'डोळ्यांत पाणी आणणारी चिठ्ठी, शेवटपर्यंत वाचा', आणि खाली हात जोडलेली चित्रं. अक्षर वर्गातल्या मुलांनीच ओळखलं. बाप बोटीवर होता. बरोबरच्या खलाशाने फोन त्याच्यापुढे धरला आणि म्हणाला, 'हे तुझ्या घरचं ना रे?' सगळ्या बोटीने वाचलं.

तो शाळेत आला तेव्हा मला वाटलं, ओरडेल. हेडसर खुर्चीतून उठून उभेच राहिले होते. पण तो दारातच थांबला, चपला काढून. म्हणाला, 'मॅडम, पोरीनं तुमच्या कानात सांगितलान. तुम्ही ते गावभर केलात.'

मी म्हटलं, 'माझी चूक झाली. नाव नव्हतं घातलं मी.'

'नाव कशाला होया? बायको माझी गेली, त्ये सगळ्यांस म्हायत हाय. मी उठून भायेर जातंय, त्ये कुणास म्हायत नव्हतं.'

एवढं बोलून गेला. त्यानंतर भाविका शाळेत आली नाही. मी तिच्या घरी दोनदा गेले, दोन्ही वेळेला कुलूप. शेजारीण म्हणाली, मावशीकडे पाठवलीय रत्नागिरीला, मिरकरवाड्यात. मावशीचं नाव नम्रता. मासळीच्या कामाला जाते.

ग्रुपवर मी माफी मागितली, फोटो काढून टाका म्हणून विनवलं. काहींनी काढला. एकाने उत्तर दिलं, 'एवढं मनाला लावून घेऊ नका मॅडम, हेतू चांगला होता.'

आणि वर्ग. चिठ्ठ्या मी तरीही वाटल्या. सगळ्यांनी लिहिलं, 'सगळं कळलं. काही विचारायचं नाही.' आणि अक्षर ओळखू येऊ नये म्हणून सगळ्यांनी छापील अक्षरात लिहिलं होतं. आपसांत ठरवून. मी त्या चिठ्ठ्या घेऊन टेबलाशी बसले आणि कुणाची कुठली ते मला सांगता येईना.

आत्या, तू रत्नागिरीच्या जवळ आहेस. एकदा मिरकरवाड्यात जाशील? ती शाळेत जाते का, एवढंच बघ. मी तिथे तोंड दाखवू शकत नाही.

वेदिका


आरे
२० फेब्रुवारी २०२४

चि. वेदिका,

मला जमणार नाही.

कारण तुला खरं लिहिते. मागे मी लिहिलं की रोज किनाऱ्यावर जाते, चार माणसं भेटतात. मी गेल्या पावसाळ्यापासून फाटकाबाहेर फारशी पडलेली नाही. वाणसामान दुकानदार पोचतं करतो. लोक वाईट नाहीत. पण बहिऱ्याशी बोलायचं म्हणजे ओरडावं लागतं, आणि ओरडताना माणसाचा चेहरा रागावल्यासारखा होतो. दिवसभर कुणी ना कुणी माझ्यावर रागावलंय असं वाटत राहतं. म्हणून मी बाहेर जाणं सोडलं. मग त्यांनीही येणं सोडलं.

मासळीबाजाराच्या गोंगाटात मी कुणाला काय विचारणार आणि कुणाचं काय ऐकणार? ज्यांना कान आहेत अशा कुणाला तरी सांग.

सावित्रीआत्या


आरे
१ मार्च २०२४

चि. वेदिका,

तुझ्या उत्तराची वाट न बघता लिहिते आहे. मी गेले होते.

मागचं पत्र टाकल्यावर झोपच लागेना. बसमध्ये कंडक्टरने दोनदा काही विचारलं, मी शंभराची नोट पुढे केली आणि 'बंदर' म्हणाले. मिरकरवाड्यात लिलाव चालला होता. एवढी माणसं तोंडं उघडून ओरडत होती आणि मला नुसता एक घुमारा येत होता, विहिरीच्या तळाशी उभं राहिल्यासारखा. एक गोष्ट मात्र लक्षात आली. तिथे सगळेच सगळ्यांवर ओरडतात. माझ्यावर ओरडले तर त्यात काही वेगळं नव्हतं.

कागदावर नम्रता असं नाव लिहून नेलं होतं. एकीने हात धरून नेलं. नम्रता कोळंबी निवडत होती. पलीकडे एक मुलगी थर्मोकोलच्या खोक्यांवर जाड पेनाने व्यापाऱ्यांची नावं घालत होती. अक्षर सुरेख आहे तिचं. तू कधी लिहिलं नाहीस ते.

मी तिला म्हटलं, 'मला ऐकू येत नाही. जे सांगायचं ते लिही.' तिने मला वरपासून खालपर्यंत बघितलं आणि खोक्याच्या झाकणावर लिहिलं, 'तुम्ही कोण?'

खोटं बोलावं असं एकदा वाटलं. पण बोलले नाही. 'वेदिका मॅडमची आत्या,' म्हटलं.

तिने लिहिलं, 'मग जा.'

मी परत आले. शाळेत जात नाही, हे तुझ्या प्रश्नाचं उत्तर. नम्रता वाईट बाई नाही. खुणा करून आणि ओठ हलवून मला सांगत होती की मुलगी शिकली तर हवंच आहे, पण मधेच शाळेत कोण घेणार, दाखला कोण आणणार, तिला कामातून वेळ नाही आणि बाप बोटीवर.

पुढच्या शुक्रवारी परत जाणार आहे. मला मासळी लागतेच.

सावित्रीआत्या


खारशेत
१० मार्च २०२४

प्रिय आत्या,

तुझं पत्र घेऊन मी शाळेमागे खाडीच्या बांधावर जाऊन बसले. तू गेलीस. माझ्यासाठी तू बाहेर पडलीस, आणि मी तुला मजेत समजत होते. दिवाळीत तीन दिवस तुझ्या घरात राहून मला काही दिसलं नाही.

सोबत एक बंद पाकीट आहे, भाविकासाठी. त्यात मी माफी मागितली आहे. तिला परत यायचं असेल तर वार्षिक परीक्षेला बसता येईल, मी हेडसरांशी बोलले आहे, सगळे धडे स्वतः घेईन, हवं तर माझ्या खोलीवर राहील. तिला सांग, मी तिची वाट बघते. मागचा बाक रिकामाच ठेवलाय, तिथे मी कुणाला बसू देत नाही.

तू वाचू नकोस, पाकीट तिच्याच हातात दे.

वेदिका


आरे
२३ एप्रिल २०२४

चि. वेदिका,

आशीर्वाद. मुद्दाम उशीर केला. काहीतरी ठरल्यावर लिहावं म्हटलं.

मी दर शुक्रवारी जात राहिले. दुसऱ्या खेपेला ती खोक्यांवर नावं घालत राहिली. तिसऱ्या खेपेला तिने माझ्यासाठी बांगडा निवडून बाजूला ठेवला होता. भाव सांगणाऱ्याकडे बघायची आणि मला बोटांनी खूण करायची. त्यानंतर मी तिला विचारलं, मला बँकेत जायचंय, तिथली मुलगी काय बोलते ते लिहून देशील का? ती आली. रिक्षात शेजारी बसून लिहीत होती, रस्ताभर. कुठलं दुकान नवीन, रिक्षावाला फोनवर बायकोशी कसा भांडतोय, सगळं. वर्षभरात रत्नागिरीत काय चाललंय ते मला त्या दिवशी कळलं.

आता शनिवारी ती आऱ्याला येते, दुपारच्या बसने. मी भूमिती घेते. एकदा प्रमेय अर्धवट टाकून तिने वहीच्या कोपऱ्यात लिहिलं, 'तुम्हाला आता काही ऐकू येत नाही, तर जुने आवाज आठवतात का?'

मी म्हटलं, 'भावाचा आठवतो.' म्हणजे तुझ्या बाबांचा. 'आईचा नाही आठवत. खूप प्रयत्न केला.'

'मग काय करता?'

'काही करता येत नाही गं. आठवत नाही ते नाही.'

मला वाटलं, रडेल. पण तिने पेन खाली ठेवलं. मग उठून चहा केला. जाताना नेहमीपेक्षा उशिराची बस धरली.

आता तुझ्या पाकिटाचं. मी ते तिला दिलं होतं, मार्चातच. तिने पाकिटावरचं अक्षर बघितलं आणि माझ्या पिशवीत परत टाकलं. मी एकदा विचारलं, फक्त एकदा. तिने लिहिलं, 'त्या चांगल्या आहेत. पण मला त्यांना काही सांगायचं नाही.' पाकीट न फोडलेलं आहे, सोबत परत पाठवते.

वेदिका, मी तुझी आत्या आहे म्हणून लिहिते. बाक रिकामा ठेवू नकोस. तू तिची वाट बघते आहेस हेही तिच्यावर ओझंच होईल. ती खारशेताला परत येणार नाही. माझ्या जुन्या शाळेच्या मुख्याध्यापिकेला भेटले, जूनमध्ये नववीत घेतील म्हणाल्या. त्यासाठी तुमच्या शाळेचा दाखला लागेल, आणि तो काढायला बापाचा अर्ज लागेल. तो नम्रताच्या फोनला उत्तर देतो, पण सही करायला कुणी कागद पुढे ठेवायला हवा. ते काम तुझं आहे.

आणि एक जड गोष्ट. गणपतीत तू येणार हे मी तिला सांगितलं. तिने लिहिलं, 'मग मी त्या दिवसांत येणार नाही.' तू ये. तुझं घर आहे. पण आधी कळव, म्हणजे तिला सांगता येईल.

सावित्रीआत्या


खारशेत
७ जुलै २०२४

प्रिय आत्या,

दाखला सोबत आहे. आधी फोटो काढून नम्रताताईंच्या फोनवर पाठवला होता, त्यावर प्रवेश झाला हे कळलं. मूळ कागद शाळेत नेऊन दे.

सहीसाठी मी जूनमध्ये रूपेशकडे गेले. मासेमारी बंद होती, तो घरी होता. पडवीत जाळं पसरून विणत बसला होता. मी अंगणातच उभी राहिले. त्याने बसायला सांगितलं नाही, जा म्हणूनही सांगितलं नाही. अर्ज पुढे केला तेव्हा हात लुंगीला पुसले, वाचला, सगळा वाचला, आणि सही केली. मग विचारलं, 'आत्या तुमची, तिला जेवायला घालते म्हणतात?'

'शनिवारी,' मी म्हटलं.

'माशे खाता ना तुम्ही लोक?'

'खातो.'

मग विणत विणत, माझ्याकडे न बघता, तो एक वाक्य बोलला. भाविकाच्या आईबद्दल, आणि तो का उठून बाहेर जातो त्याबद्दल. ते मी तुला लिहीत नाही, आत्या. त्याने कुणाला सांगू नका असं म्हटलं नव्हतं. तरी लिहीत नाही.

नववीचा नवा वर्ग आलाय. त्यांना मागच्या वर्षीचं सगळं माहीत आहे. पहिल्या दिवशी मी त्यांना सांगितलं की मी चिठ्ठ्या घेणार नाही. तासाची शेवटची पाच मिनिटं तुमची. फळ्यावर एक प्रश्न लिहीन, उत्तर स्वतःच्या वहीत लिहायचं, वही माझ्याकडे द्यायची नाही. मला विचारायचं असेल ते तोंडाने विचारा, नसेल तर नका विचारू. एकाने उठून विचारलं, 'मग मॅडम, तुम्ही तपासणार नाही, तर लिहायचं कशाला?' मी म्हटलं, 'लिहून तर बघ.'

पहिला आठवडा अर्ध्यांनी चित्रं काढली. आता लिहितात. मी टेबलाशी उभी असते आणि वर्गभर नुसती पेनांची खरखर असते. कुणी हसतं, कुणी डावा हात आडवा धरून लिहितं, शेजाऱ्याला दिसू नये म्हणून. मला किती वाचावंसं वाटतं ते तुला कसं सांगू! गेल्या वर्षी त्या चिठ्ठ्या खोलीवर नेऊन वाचायचे तेव्हा घरात कुणीतरी असल्यासारखं वाटायचं. मुलांसाठी करते म्हणायचे, पण संध्याकाळी त्यांची वाट मीच बघायचे. हे मला तू पाकीट परत पाठवलंस तेव्हा कळलं. मग घंटा होते, वह्या दप्तरात जातात आणि मुलं दप्तरं उचलून निघून जातात.

मागच्या बाकावर आता दोघी बसतात. फार बडबड करतात.

संदेशची बोट ऑक्टोबरपर्यंत लागत नाही. म्हणून गणपतीत मी इथेच थांबायचं ठरवलंय. मालकिणीने दीड दिवसाच्या गणपतीला बोलावलंय, तिच्याकडे आरतीला जाईन. तू भाविकाला सांग की मी येणार नाही, तिला पाचही दिवस येता येईल. कारण विचारलं तर शाळेचं काम आहे असं सांग.

मोदकांची पारी तुला आता जमत नाही, बोटं दुखतात, हे मला ठाऊक आहे. ती तिला करायला दे.

तुझी
वेदिका